नॉर्मन ग्रेग

सर नॉर्मन मॅकअलिस्टर ग्रेग (जन्म : सिडनी, ७ मार्च १८९२, मृत्यू : सिडनी, २७ जुलै १९६६) हे ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञ होते. गरोदरपणाच्या प्रारंभीच्या महिन्यांत मातेला रुबेला म्हणजेच जर्मन गोवर झाल्यास गर्भाचे डोळे, हृदय, कान आणि मेंदू यांना कायमची इजा होऊ शकते, हे उघडकीस आणणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात. बालकातील जन्मजात व्यंगे बहुतांशी आनुवंशिक असतात, या त्या काळच्या समजुतीला त्यांच्या संशोधनाने मोठा धक्का दिला.

बालपण व शिक्षण

ग्रेग यांचा जन्म सिडनीच्या बरवूड या उपनगरात झाला. सिडनी ग्रामर स्कूलमध्ये शालेय शिक्षण घेतल्यावर त्यांनी सिडनी विद्यापीठातून १९१५ मध्ये वैद्यकीय पदवी प्रथम वर्गात संपादन केली. टेनिस व क्रिकेट या खेळांतही ते निपुण होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात पश्चिम आघाडीवर सेवा बजावली. तेथील शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले. युद्धानंतर इंग्लंडमध्ये नेत्ररोगशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये ते मायदेशी परतले. सिडनीत त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला, तसेच रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालय आणि मुलांचे रुग्णालय येथे नेत्रशल्यविशारद म्हणून काम केले.

१९४१ चे संशोधन

१९४० मध्ये ऑस्ट्रेलियात रुबेलाची मोठी साथ आली. युद्धासाठी भरती झालेल्या तरुणांच्या छावण्यांतून ती गावोगावी पसरली. त्यानंतरच्या वर्षी ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे नेहमीपेक्षा फार अधिक संख्येने येऊ लागली. या बाळांचे वजन कमी होते, त्यांना दूध पाजणे कठीण जात होते आणि अनेकांच्या हृदयातही दोष होता. त्यांच्या कुटुंबांत असा विकार पूर्वी आढळला नसल्याने आनुवंशिकतेचे स्पष्टीकरण ग्रेग यांना पटेना.

त्यांच्या दवाखान्यात थांबलेल्या दोन माता गरोदरपणी झालेल्या जर्मन गोवराविषयी आपसांत बोलत होत्या आणि ते संभाषण त्यांच्या कानी पडले, असे सांगितले जाते. रुबेला हा तेव्हा किरकोळ आजार मानला जाई. दोन-तीन दिवस अंगावर पुरळ व थोडा ताप, एवढेच त्याचे स्वरूप असल्याने वैद्यकीय नोंदींत तो क्वचितच सापडे. तो आठवत होता तो मातांनाच. ग्रेग यांनी प्रत्येक मातेकडे बारकाईने चौकशी केली आणि इतर नेत्रतज्ज्ञांकडूनही माहिती मागवली.

अशा प्रकारे ७८ बालकांची माहिती जमा झाली. त्यांपैकी ६८ बालकांच्या मातांना गरोदरपणी, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, रुबेला झाला होता. हे निष्कर्ष त्यांनी १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाच्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेपुढे मांडले.

शंका आणि मान्यता

हा निष्कर्ष लगेच स्वीकारला गेला नाही. मातांच्या आठवणीवर आधारलेला पुरावा अनेक तज्ज्ञांना अपुरा वाटला. द लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकानेही १९४४ मध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नसल्याचे मत मांडले. मात्र ॲडलेड येथील चार्ल्स स्वॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ पासून केलेल्या पाहण्यांतून ग्रेग यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला. बहिरेपणा, डोक्याचा लहान आकार आणि बौद्धिक वाढ खुंटणे हे परिणामही पुढे आले. १९५१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ ओलिव्हर लँकॅस्टर यांनी मूकबधिरांच्या जुन्या नोंदी तपासल्या. बहिऱ्या मुलांच्या जन्माचे प्रमाण रुबेलाच्या साथींनंतर वाढत असे, हे त्यातून दिसले. पुरावा अनेक दशके नोंदवहीत पडून होता; तो कोणी पाहिला नव्हता.

१९५३ मध्ये ग्रेग यांना सर हा किताब देण्यात आला.

मातेची प्रतिकारशक्ती व गर्भाचा मेंदू

रुबेला पूर्वी होऊन गेलेल्या किंवा लस घेतलेल्या मातेच्या रक्तात प्रतिपिंडे असतात. ती बहुधा विषाणूला वारेपर्यंत पोहोचू देत नाहीत. ही प्रतिकारशक्ती नसल्यास विषाणू वारेतून गर्भात शिरतो. पहिल्या १२ आठवड्यांत अवयवांची जडणघडण चालू असते आणि गर्भाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा तयार झालेली नसते. विषाणूमुळे पेशींचे विभाजन मंदावते व सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. म्हणूनच आईला जेमतेम जाणवणारा आजार बाळाच्या मेंदूला आयुष्यभराची हानी करू शकतो.

अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेलाची लक्षणे घेऊन जन्मली. अशा बालकांच्या एका गटाचा अभ्यास करून मानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी १९७१ मध्ये त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे दाखवले.

पुढे संशोधनाचा रोख मातेच्या प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिसादाकडेही वळला. पॉल पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेत गाभण उंदरांना विषाणू न देता केवळ त्याच्यासारखा भासणारा पदार्थ टोचला असता पिलांच्या वर्तनात बदल आढळले. इंटरल्यूकिन-६ या दाहकारक प्रथिनाला रोखल्यास ते बदल टळत, असे २००७ मध्ये दिसून आले. रुबेलात मुख्य हानी विषाणू स्वतः करतो. येथे मातेचा प्रतिसादच परिणाम घडवतो, हा दोहोंतील भेद आहे. मात्र उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. गरोदरपणी ताप वा संसर्ग झालेल्या बहुसंख्य मातांची मुले निरोगी जन्मतात.

वारसा

रुबेलाचा विषाणू १९६२ मध्ये प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला आणि पहिली लस १९६९ मध्ये उपलब्ध झाली. त्यापूर्वीच ग्रेग यांचे निधन झाले होते. भारतात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोव्याचा समावेश होता. महाराष्ट्रात ती २०१८ मध्ये राबवण्यात आली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या लसीची प्रमुख उत्पादक आहे. गर्भवतीला ही लस देत नाहीत. त्यामुळे ती बालपणीच किंवा गर्भधारणेपूर्वी घेणे आवश्यक ठरते.