सरन्यायाधीश जॉन मार्शल

अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतात, वस्ती संपून अरण्य सुरू होई अशा सरहद्दीवर, २४ सप्टेंबर १७५५ रोजी जॉन मार्शलचा जन्म झाला. पंधरा भावंडांत तो सर्वांत वडील. शाळेत तो फार थोडे दिवस गेला; वाचनाची गोडी त्याला वडिलांनीच लावली. स्वातंत्र्ययुद्ध पेटताच तो सैन्यात शिरला. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत वॉशिंग्टनचे शिपाई थंडीने व उपासमारीने हैराण झाले होते. वसाहती तेरा, पण सैन्याला अन्नवस्त्र पुरवील असे समर्थ मध्यवर्ती सरकार एकही नाही, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले. पुढे कायद्यावरील व्याख्याने अवघे काही आठवडे ऐकून तो वकील झाला!

१८०१ साली अध्यक्ष ॲडम्सने त्याला सरन्यायाधीश नेमले. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाला फारसे वजन नव्हते. स्वतःची इमारतही नव्हती. विधिमंडळाच्या वास्तूतील एका खोलीत ते भरे. मार्शलची राहणीही साधी. रिचमंडच्या बाजारात एका तरुणाने टर्की कोंबडा विकत घेतला. तो घरी न्यावयास हमाल मिळेना. तेव्हा गबाळ्या वेषातील एका गृहस्थाने तो मुकाट्याने उचलून पोचविला व मजुरीही घेतली नाही. तो गृहस्थ म्हणजे देशाचा सरन्यायाधीश, अशी आख्यायिका आहे.

त्याच्या बुद्धीची कसोटी लवकरच लागली. पायउतार होण्यापूर्वी ॲडम्सने विल्यम मारबरी याला दंडाधिकारी नेमले होते. नेमणूकपत्रावर सही झाली, शिक्काही बसला. पण ते पोचते करावयाचे राहिले. हे काम त्या वेळी मंत्री असलेल्या मार्शलच्याच खात्याचे होते. आजचा न्यायाधीश अशा खटल्यापासून दूरच राहिला असता. नवा अध्यक्ष जेफरसन याने ते पत्र अडविले आणि मारबरीने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पेच मोठा अवघड होता. पत्र देण्याचा हुकूम करावा, तर सरकार तो धुडकावणार व न्यायालयाचे हसे होणार. न करावा, तर न्यायालय भ्याले असे लोक म्हणणार. न्यायालयापाशी ना सैन्य, ना खजिना. फेब्रुवारी १८०३ मध्ये मार्शलने निकाल दिला. मारबरीचा हक्क त्याने मान्य केला; परंतु ज्या १७८९ च्या कायद्याने या न्यायालयाला असा हुकूम थेट काढण्याचा अधिकार दिला होता, त्याचे ते कलमच राज्यघटनेविरुद्ध, म्हणून रद्दबातल ठरविले. मारबरी रिकाम्या हाताने परतला. न्यायालयाने मात्र एक लहान अधिकार सोडून कायदे घटनेच्या कसोटीवर तपासण्याचा फार मोठा अधिकार मिळविला. अमेरिकेच्या घटनेत तो शब्दांनी सांगितलेला नव्हता. भारताच्या घटनेने मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे शून्य ठरतील, असे १३ व्या अनुच्छेदात स्पष्टच म्हटले आहे.

१८१८ साली मेरीलँड राज्याने मध्यवर्ती बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर कर बसविला. राज्याच्या न्यायालयांनी तो योग्य ठरविला, पण मार्शलने तो निकाल फिरविला. कर लादण्याची सत्ता म्हणजे नाश करण्याची सत्ता. राज्याने संघराज्याच्या साधनावर ती चालवू नये, असा त्याचा युक्तिवाद होता. १८२४ साली आगबोटींच्या खटल्यात न्यूयॉर्क राज्याने दिलेला मक्ताही असाच मोडला.

मात्र हक्कांचा हा जाणकार जन्मभर गुलामांचा मालक होता, हे विसरून चालणार नाही.

जॉर्जिया राज्याने चेरोकी या मूळ रहिवाशांच्या प्रदेशावर आपले कायदे लादले आणि परवान्यावाचून तेथे राहिला म्हणून सॅम्युएल वूस्टर या धर्मोपदेशकाला सक्तमजुरीची शिक्षा दिली. तेथे जॉर्जियाचा कायदा चालत नाही, असा निकाल वृद्ध मार्शलने १८३२ मध्ये दिला. जॉर्जियाने तो मानला नाही. वूस्टर तुरुंगातच राहिला, तो दुसऱ्या वर्षी सुटला. अध्यक्ष जॅक्सनने चेरोकींचे रक्षण केले नाही. ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात मार्शलचे निधन झाले. तीन वर्षांनी सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढून पश्चिमेकडे हाकलले. त्यांतील हजारो वाटेतच मेले.