विश्लेषण : चित्रांसोबत नाचणारा माणूस पडद्यावर आला कसा? दादासाहेब फाळके यांचे विस्मृतीत गेलेले काम काय?

‘मेरी पॉपिन्स’मध्ये (१९६४) पेंग्विनसोबत नाचणारा डिक व्हॅन डाइक, ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये (१९८८) कार्टून सशाच्या भानगडीत अडकलेला गुप्तहेर, आपल्याकडे ‘टूनपूर का सुपरहीरो’मध्ये (२०१०) कार्टूनच्या दुनियेत शिरलेला अजय देवगण... जिवंत माणूस आणि ॲनिमेशन एकाच पडद्यावर आणणारे असे चित्रपट आज बीड, परळी, अंबाजोगाईतली मुले घरातल्या मोबाइलवर पाहू शकतात. हे सारे परदेशातून आले, असा सर्वसाधारण समज. मात्र त्यामागची मूळ युक्ती धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या दशकातच आपल्याकडे हाताने करून दाखवली होती. ‘राजा हरिश्चंद्र’चे कर्ते म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, त्यांचे हे दुसरे काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

मूळ युक्ती काय?

चित्रपट म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर छायाचित्रे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे घेतली जात. कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे, म्हणजे तो हवा तेव्हा थांबवताही येई.

एक चित्र घ्यायचे, समोरची वस्तू किंचित सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. असे करत गेले की पडद्यावर ती वस्तू आपोआप चालते. हे झाले ॲनिमेशन. कॅमेरा थांबवून नटाला बाजूला केले आणि पुन्हा सुरू केला, तर नट क्षणात गायब होतो. आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले, तर दोन वेगळी दृश्ये एका चौकटीत येतात. माणूस आणि ॲनिमेशन यांचे मिश्रण या तीन गोष्टींवर उभे राहिले.

फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी, अमेरिकेत स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०० च्या आसपास असे प्रयोग केले. विन्सर मॅके यांचा ‘गर्टी द डायनॉसोर’ १९१४ चा. म्हणजे फाळके या साऱ्यांचे समकालीन होते.

फाळके इथवर कसे पोहोचले?

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे एकेक कसब हाती येत गेले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दगावले.

याच सुमारास ते एका परदेशी जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकले. स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने त्यांनी प्रयोगही केले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, मग भागीदारांशी मतभेद होऊन तोही सुटला. चाळिशीपर्यंत हा माणूस एकाही व्यवसायात स्थिरावला नव्हता. पण चित्रपटासाठी लागणारी बहुतेक कौशल्ये याच धडपडीत त्यांच्याजवळ जमा झाली होती.

१९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि त्या जागी त्यांना राम, कृष्ण दिसू लागले. त्यानंतर त्यांनी चित्रपटांचा इतका ध्यास घेतला की दृष्टीच अधू झाली. उपचारांनंतर ती सावरली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तिथे तंत्र पाहून, विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले.

वाटाण्याचे रोप का महत्त्वाचे?

चित्रपटाला पैसा लावायला कोणी तयार नव्हते. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे ठरावीक अंतराने चित्रण केले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल होते. ‘अंकुराची वाढ’ पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले.

या छोट्या चित्रपटात नट नाही, कथा नाही. आहे ती फक्त कॅमेरा थांबवण्याची आणि वाट पाहण्याची कला. भारतातील पहिल्या कथापटाचे भांडवल या युक्तीने मिळवून दिले.

काडेपेटीतल्या काड्या कशा चालल्या?

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि फाळके यांचा जम बसला. नाशिकला बिऱ्हाड हलवून त्यांनी पुढचे चित्रपट केले. १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊन आले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. पैसा आटला, कच्ची फिल्म मिळणे अवघड झाले.

या अडचणीच्या काळात त्यांनी छोटे चित्रपट काढले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाणी सरकतात. अशा चित्रपटांना नटसंच लागत नाही, कपडेपट लागत नाही. लागतो तो संयम. सेकंदाला १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाच्या दृश्यासाठी ९६० वेळा चित्र टिपावे लागते. ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने त्यांनी आपले जादूचे प्रयोगही चित्रित केले. भारतीय ॲनिमेशनची सुरुवात या प्रयोगांपासून मानली जाते.

देव आणि माणूस एका चौकटीत कसे?

काड्यांवर केलेला सराव पौराणिक चित्रपटांत उपयोगी पडला. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) आकाशातून उडणारा हनुमान आणि जळती लंका पाहायला प्रेक्षकांची रीघ लागली. याच चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये (१९१८) कंसाला आपले शिर धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) फाळके यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि यमुनेच्या डोहात नागाशी झुंजली.

ही दृश्ये आजच्या अर्थाने ॲनिमेशन नव्हेत. पण जिवंत नट आणि प्रत्यक्षात न घडलेली गोष्ट एका चौकटीत बेमालूम बसवायची, हा प्रश्न तोच होता.

या कामात फाळके एकटे नव्हते. पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला भोके पाडत, रात्री फिल्म धुवत आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत.

मग पुढे काय झाले?

१९१८ मध्ये भांडवलदारांसोबत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. पैसा आला, पण हिशेबही आला. खर्च आणि वेळ यांवरून खटके उडू लागले. कंपनी सोडून फाळके काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, पुन्हा परतले. मात्र पूर्वीची मोकळीक राहिली नाही.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. मूकपट म्हणून केलेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते चित्रपटसृष्टीपासून दूर आणि आर्थिक ओढगस्तीत होते.

आज काय उरले आहे?

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. चित्रपट मात्र थोडेच उरले. मूकपटांची फिल्म चटकन पेट घेणारी आणि कालांतराने विरघळणारी. शिवाय चालून गेलेला चित्रपट जपून ठेवावा, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नसे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, फाळके यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे, ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग आणि इतर काही तुकडे वाचले. त्यामुळे पुराणकथा सांगणारे फाळके लक्षात राहिले आणि काड्या नाचवणारे फाळके मागे पडले.

ही युक्ती आज कोणत्याही साध्या फोनवर करून पाहता येते. पोळ्याला आणलेला मातीचा बैल पाटावर ठेवायचा, फोन टेकवून स्थिर करायचा, एक छायाचित्र काढायचे आणि बैल बोटभर पुढे सरकवायचा. वेळ लागेल, हात अवघडेल. पण बैल चालू लागेल, आणि वाटाण्याच्या कुंडीसमोर बसलेल्या फाळके यांना काय गवसले होते, ते घरबसल्या कळेल.