बाबासाहेबांचे लंडनमधील हिवाळे

मार्गशीर्ष लागला की पंचगंगेच्या काठी गारठा उतरतो आणि कसबा बावड्याच्या साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात येतो. याच दिवसांत या गावची आणि आसपासच्या खेड्यांतील कितीतरी मुले मुंबई, पुणे, दिल्ली अशा शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहून पदव्युत्तर शिक्षण घेत असतात. ती काय शिकतात हे घरच्यांना ठाऊक असते; कशी राहतात याची मात्र फारशी कल्पना नसते. थोरांच्या चरित्रांचेही असेच होते. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते आणि त्या पदव्या ज्या दिवसांनी मिळवून दिल्या, त्या दिवसांची बोळवण दोन ओळींत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. कोल्हापूरकरांनी तर ते अवश्य पाहावे. कारण त्या कहाणीतील एक धागा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांच्या हाती होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचा मुंबईतील अभ्यास परळच्या चाळीतील एका खोलीत झाला. घर निजल्यावाचून तेथे पुस्तक उघडण्यापुरती शांतता मिळत नसे, म्हणून वडील सुभेदार रामजी स्वतः जागे राहून मुलाला पहाटे दोनला उठवीत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या आधारावर ते एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. त्याच संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील तीन हिवाळ्यांत त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली, जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातील सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. १९१६ मध्ये ते लंडनला आले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि कायद्यासाठी ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. अभ्यास रंगात आला असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी पदरात पडली. मागाहून दुसऱ्या बोटीने येणारी त्यांची पुस्तके महायुद्धाच्या पाणसुरुंगी माऱ्यात समुद्रात गेली.

या खंडाची किंमत काय पडली, हे पुढील वर्षांनी दाखविले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीसाठी गेले, तर त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात कसाबसा आसरा मिळाला. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. न्यूयॉर्क आणि लंडन येथे भाडे भरले की खोली मिळत होती. स्वदेशात, एका सुधारक राजाच्या राजधानीत, परदेशी विद्यापीठाची पदवी घेतलेल्या तरुणास एक खोली मिळू नये, ही घटना कोणत्याही समाजाने मान खाली घालावी अशीच आहे.

मुंबईस परतल्यावर नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये होता. पण राहणी चाळीतली आणि खर्च मोजका. उरलेले लंडनसाठी शिल्लक पडत होते. याच काळात शाहू महाराज त्यांना भेटावयास स्वतः परळच्या चाळीत गेले. जानेवारी १९२० मध्ये निघालेल्या ‘मूकनायक’ पत्रास महाराजांनी साहाय्य केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव येथील परिषदेत या तरुण प्राध्यापकाचे नेतृत्व सर्वांसमक्ष मान्य केले. सभा गाजली, नाव झाले. तरीही चार महिन्यांच्या आत बाबासाहेब पुन्हा लंडनच्या वाटेवर होते. साठविलेला पैसा, स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि कोल्हापूरची मदत एवढी त्यांची शिदोरी होती.

लंडनचा हिवाळा आपल्याकडच्या थंडीसारखा नसतो. डिसेंबरात दुपारचे चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो आणि त्या काळी दगडी कोळशाच्या धुराने धुके अधिकच दाट होई. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर राहत. चरित्रकारांनी त्यांचा दिनक्रम नोंदविला आहे. घरमालकीण कडक आणि हात आखडता. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि बोव्हरिल नावाचे मांसाच्या अर्काचे पेय एवढीच न्याहारी. त्यानंतर ते ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयाकडे निघत. अंतर सुमारे चार किलोमीटरचे. पैसा वाचावा म्हणून पायीच जाणे होई. दार उघडताच आत जाणाऱ्यांत ते असत आणि बंद होण्याच्या वेळी रखवालदाराने सांगितल्यावर उठत. दुपारच्या जेवणावर वेळ आणि पैसा दोन्ही खर्च होऊ नयेत, इकडे लक्ष असे. रात्री पुन्हा बोव्हरिल आणि बिस्किटे. मग खोलीत वाचन सुरू होई. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली, तर सोबत राहणाऱ्या मुंबईकर स्नेह्याकडचे चार पापड आणि पेलाभर दूध यांवर ती भागवायची आणि पुन्हा पुस्तक हाती घ्यायचे, ते उत्तररात्रीपर्यंत.

या दिनक्रमात एक विलक्षण योग होता. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न, आणि तोच प्रश्न त्यांच्या खिशात रोज खडखडत होता. १९२० च्या आरंभी एका रुपयास दोन शिलिंगांहून अधिक मिळत. तो भाव टिकविण्याची सरकारची खटपट सप्टेंबर १९२० मध्ये सोडून द्यावी लागली आणि १९२१ मध्ये रुपया दीड शिलिंगाच्याही खाली उतरला. मुंबईत काटकसरीने साठविलेले रुपये लंडनमध्ये असे घरबसल्या आटले. विनिमयाच्या दराची घसरण ज्याला पुस्तकात वाचावयाची, तिची झळ त्याच्याच न्याहारीस लागत होती. परळला रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार रेटीत होत्या. अखेर सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांस पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. ज्यांना हे मोकळेपणाने लिहिता येई असे फार थोडे लोक होते. त्यांपैकी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी निवर्तले. बाबासाहेब त्या वेळी युरोपातच होते.

तरीही काम पुरे झाले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी; आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डी. एस्सी. साठी प्रबंध सादर झाला. ब्रिटिश राजवटीच्या चलननीतीवरील त्यातील कठोर टीका परीक्षकांस जड गेली. पैसे संपत आल्यामुळे एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतलेल्या बाबासाहेबांनी प्रबंध नव्याने लिहून पाठविला आणि वर्षअखेरीस पदवी मिळाली. मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी काही मते अमान्य असूनही ग्रंथास प्रस्तावना लिहिली. १९२५ च्या अखेरीस भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे याच अभ्यासाच्या बळावर त्यांनी साक्ष दिली.

त्या उपाशी हिवाळ्यांचा विसर त्यांना पुढे पडला नाही. पुढील आयुष्यातील महाड, गोलमेज परिषद, संविधान हे सारे सर्वज्ञात आहे. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणांनाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. दादरच्या ‘राजगृहा’त माणसांइतकीच पुस्तकांची सोय पाहिली गेली. ६ डिसेंबर १९५६ रोजी, अशाच थंडीच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांच्या जिद्दीचा गौरव आपण नित्य करतो आणि तो योग्यच आहे. परंतु जिद्दीच्या गौरवाआड एक सोयीस्कर पळवाट दडलेली असते. उपाशी राहूनही माणूस शिकतो, असे एकदा ठरले की त्याच्या उपासाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. वस्तुतः १९१७ मध्ये शिष्यवृत्ती थांबली तेव्हा बाबासाहेबांसारख्याचेही शिक्षण थांबले. तीन वर्षे गेली. आणि सवलतीची मुदत टळण्यापूर्वी पैसा जमला नसता, तर अपुरा प्रबंध अपुराच राहता. असे अडलेले आणि पुन्हा न निघालेले किती असतील, याची मोजदाद कोणत्याही चरित्रात सापडत नाही.

शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून आरंभ करून त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली; १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातून आलेल्या मुलास शाळेआधी भाकरी आणि निवारा लागतो, हा त्यामागील साधा विचार होता. तो विचार आजही जुना झालेला नाही. संशोधक विद्यार्थ्यांच्या छात्रवृत्तीचे हप्ते महिनोन्महिने रखडतात, वसतिगृहांत जागा अपुऱ्या पडतात, खोलीचे भाडे मात्र पहिल्या तारखेस द्यावेच लागते. अशा वेळी मुलगा शिकवणी धरतो, एखादी जेवणाची वेळ टाळतो, नाहीतर मुकाट्याने गावी परततो.

किंग हेन्रीज रोडवरील ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले. ते उचितच झाले. मात्र स्मारकाच्या भिंतींपेक्षा त्या घरातील दिनक्रमाने आपल्याला अधिक अस्वस्थ केले पाहिजे. छात्रवृत्ती ठरलेल्या तारखेस हाती पडावी, तालुक्याच्या गावी रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका असावी, मोठ्या शहरांत परगावच्या मुलांसाठी पुरेशी वसतिगृहे असावीत, या मागण्या भव्य नाहीत. शासनाने आणि विद्यापीठांनी त्या या हिवाळ्यातच मनावर घ्याव्यात. ज्या गावात शाहू महाराज जन्मले, तेथील नागरिकांनी त्यांचा आग्रह धरण्यात इतरांच्या एक पाऊल पुढे असावे.