उष्णतेशी तडजोड करणारा उद्योजक : शंतनुराव किर्लोस्कर

नागपूर परिसरात वैशाखात पारा सहज ४५ अंशांच्या घरात जातो. २३ मे २०१३ रोजी तर शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा दिवसांत काटोल-नरखेडच्या संत्राबागांना वेळेवर पाणी मिळाले नाही, तर अनेक वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडते. वीज शेतापर्यंत पोहोचण्यापूर्वी विहिरीचे पाणी वर काढण्याचे काम आधी बैलांच्या मोटेने आणि नंतर डिझेल इंजिनाने केले. बाहेरची हवाच भट्टीसारखी तापलेली असताना, ज्याच्या पोटात इंधन जळते ते यंत्र थंड कसे राखायचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने पुस्तकी नव्हता. भर उन्हात इंजिन बंद पडणे म्हणजे बाग वाळणे. असे इंजिन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचविणाऱ्यांमध्ये शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव त्या वेळी बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविण्याच्या खटपटीत होते. १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणरावांनी कारखाना हलविला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंतनुरावांचे बालपण असे ओतशाळा आणि लेथ यांच्या सहवासात गेले. पुढे ते आणि त्यांचे चुलतबंधू माधव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकावयास गेले. माधव यांचे तेथेच क्षयाने निधन झाले. हा घाव सोसून शंतनुरावांनी १९२६ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळविली आणि ते किर्लोस्करवाडीस परतले.

१९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रसामग्रीचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये शंतनुरावांनी पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची पायाभरणी केली. त्यासाठी असोसिएटेड ब्रिटिश ऑइल इंजिन्स या कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले. काळ मात्र कसोटीचा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जाळपोळ उसळली आणि तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही होरपळला. तरीही खडकीच्या इंजिनांचे काम थांबले नाही.

या इंजिनांचे मोल जाणण्यासाठी सिलिंडरच्या आत डोकवावे लागते. डिझेल जळताना सिलिंडरमधील वायूंचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या पुढे जाते. इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भाग चाक फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता काही धुराड्यावाटे, तर काही सिलिंडरच्या भिंतींवाटे निघून जाते. भिंतींतली उष्णता काढली नाही, तर वंगणतेलाचा थर जळतो आणि पिस्टन जाम होतो. ती गरजेपेक्षा अधिक काढली, तर इंधन वाया जाते व भाग लवकर झिजतात. किती उष्णता राखायची आणि किती सोडून द्यायची, या तडजोडीवरच इंजिनाचे आयुष्य ठरते.

किर्लोस्करांचे पाच अश्वशक्तीचे एव्ही-१ हे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर होती. सिलिंडरभोवतीच्या पोकळीत पाणी खेळवून ते थंड राखले जाई. विहिरीवर यासाठी वेगळ्या रेडिएटरचीही गरज नव्हती. पंपाने वर आणलेल्या पाण्यातूनच थोडे पाणी नळीने सिलिंडरभोवती फिरवायचे आणि पुन्हा पाटात सोडायचे. दुसरी रीत उंचावर ठेवलेल्या टाकीची. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व गार पाणी त्याची जागा घेते. हे अभिसरण पंपाविना आपोआप चालते.

या सोपेपणालाही मर्यादा होत्या. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यासारख्या भागात पाण्यातले क्षार सिलिंडरभोवती पुटे धरतात. हे पूट उष्णतेला अडविते आणि भोवती पाणी असूनही इंजिन तापते. जेथे पाणीच दुर्मीळ, तेथे तर ही रीत निरुपयोगी. कंपनीने पुढे हवेने थंड होणारी इंजिनेही बाजारात आणली. टीएएफ-१ या प्रकारात सिलिंडरवर पातळ पंख असतात आणि त्यांवर पंख्याची हवा वाहते. पाण्याने थंड होणाऱ्या टीव्ही-१ चा आणि याचा सिलिंडर एकाच मापाचा, ८७.५ मिलिमीटर व्यासाचा व ११० मिलिमीटर धावेचा. हवेला पाण्याइतकी उष्णता वाहून नेता येत नाही आणि पंखांत धूळ किंवा कापसाचे तंतू अडकले की ते साफ करावे लागतात. पण गळणारी नळी नाही आणि क्षारांचे भयही नाही.

मोठ्या इंजिनांसाठी शंतनुरावांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर किर्लोस्कर कमिन्सची स्थापना केली. पुढे अमेरिकेत याच कमिन्सने तेथील लष्कराच्या सहकार्याने नेमका उलटा प्रयोग केला. सिलिंडरला सिरॅमिकचे अस्तर देऊन उष्णता आतच कोंडायची आणि रेडिएटर काढूनच टाकायचा, ही त्यामागची कल्पना. असा ट्रक धावलाही. परंतु वाचलेली बरीचशी उष्णता धुराबरोबरच निघून गेली, तापलेल्या भिंतींमुळे सिलिंडरमध्ये हवा कमी मावू लागली आणि वंगणतेलही टिकेना. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही सिरॅमिक लेपाचे असे असंख्य प्रयोग झाले, आणि त्यांसाठी अनेक प्रयोगशाळांनी किर्लोस्करांचीच एक सिलिंडरची इंजिने वापरली.

शंतनुरावांनी शीतकरणाचा नवा सिद्धांत मांडला नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. परदेशी आराखड्याचे यंत्र येथील कारागिरांकडून अचूक घडवून घेणे आणि ते तालुक्याच्या गावात दुरुस्त होईल असे राखणे, हे त्यांचे कार्य. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विदर्भातल्या बहुतेक विहिरींवर आता विजेचे पंप आले आहेत. तरी ऐन उन्हाळ्यात वीज गेली की गोठ्याच्या कोपऱ्यातले जुने इंजिन बाहेर काढले जाते आणि हँडल मारताच ते पाणी ओढू लागते.