कामगारांचे कैवारी ना. म. जोशी

पुण्याहून मुंबईकडे निघाले की पिंपरी-चिंचवडचे कारखाने लागतात, आणि नाशिकच्या वाटेवर चाकणची औद्योगिक वसाहत दिसते. पाळी संपली की हजारो कामगार घराकडे परततात. कामाचे तास ठरलेले असावेत, अपघात झाल्यास भरपाई मिळावी, आपली संघटना उभारता यावी, या गोष्टी आज स्वाभाविक वाटतात. परंतु एके काळी या देशातील कामगाराला त्या दुर्लभ होत्या. त्यांसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रभागी आहे.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यास उच्च शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकाचे काम केले. १९०९ साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तेथे वेतन बेताचे आणि काम मात्र अपार! १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. गिरणगावातील कामगारांसाठी तिने रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली. चाळींतील दारिद्र्य जवळून पाहिल्यावर नारायणरावांना उमगले, की दयेने दुःख हलके होते, पण हक्कांवाचून ते दूर होत नाही.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. १९२१ पासून ते मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू मांडू लागले. संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, हा ठराव त्यांनी त्याच वर्षी मांडला. त्याचे फळ १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या रूपाने मिळाले. स्त्री-कामगारांना बाळंतपणात साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी १९२४ साली विधेयक आणले. ते संमत झाले नाही. तथापि १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला.

त्यांच्या कार्याची खरी कसोटी लागली, ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९३९ साली युद्ध सुरू झाले. धान्य, कापड, रॉकेल, सारेच महागले. परंतु मजुरी त्या मानाने वाढली नाही. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप पुकारला. तो सुमारे चाळीस दिवस चालला. त्याच वर्षी नारायणराव ट्रेड युनियन काँग्रेसचे पुन्हा सरचिटणीस झाले.

युद्धाच्या निकडीचे कारण सांगून सरकार कामगारांचे हक्क एकेक करून आवळू लागले. १९४१ च्या वटहुकुमाने आवश्यक सेवेतील कामगाराला परवानगीवाचून काम सोडण्याची मनाई झाली. १९४२ साली संपांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने घेतला. खाणींत जमिनीखाली स्त्रियांना कामावर लावण्यास पूर्वी बंदी होती. १९४३ साली तीही उठविण्यात आली. ट्रेड युनियन काँग्रेसने अशा निर्बंधांविरुद्ध आवाज उठविला. कामगारांचे म्हणणे सरळ होते. युद्धाचा भार साऱ्यांनी सारखा वाहावा. नफा वाढत असताना मजुराचे हात तेवढे बांधले जाऊ नयेत.

नारायणराव स्वभावाने मवाळ होते. संप हे शेवटचे साधन आहे, असे ते मानीत. म्हणूनच संपाचा हक्क टिकावा असा आग्रह ते धरीत, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन येई. विधिमंडळातील त्यांची जागा सरकारने नेमलेली होती. तरीही सरकारचे दोष दाखविण्यास ते कचरले नाहीत. युद्धाला साहाय्य करावे की नाही, यावर कामगार पुढाऱ्यांत तीव्र मतभेद होते. नारायणरावांनी सर्वांना महागाई भत्ता, पुरेसे वेतन आणि संघटनेचे स्वातंत्र्य या समान मागण्यांभोवती एकत्र ठेवण्याची खटपट केली.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीस सरकार, मालक आणि कामगार यांची संयुक्त परिषद भरली. तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. कामगारांच्या प्रतिनिधींना मालकांच्या बरोबरीने एकाच मंचावर बसविणारी ही परिषद पुढेही भरत राहिली. १९४६ साली खाणींतील स्त्रियांच्या कामावरील बंदी पुन्हा लागू झाली. हातचा गेलेला एक हक्क परत मिळाला!

१९४८ पर्यंत नारायणरावांनी सरचिटणीसपद सांभाळले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या लोअर परळ भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. संकटाच्या काळी दुर्बळांच्या हक्कांवर प्रथम घाला पडतो, आणि ते जपण्यासाठी जागरूक माणसे लागतात. नारायणराव अशा माणसांपैकी एक होते. ना शस्त्र, ना संपत्ती. अभ्यास, चिकाटी आणि निःस्वार्थ सेवा एवढ्याच बळावर त्यांनी हे कार्य केले.