गौतमीपुत्र सातकर्णी : नाण्यांवरील राजमुद्रा

सातवाहन घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजा म्हणून गौतमीपुत्र सातकर्णी ओळखला जातो. इसवी सनाच्या पहिल्या व दुसऱ्या शतकांच्या संधिकाळात तो होऊन गेला, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्याच्या उदयापूर्वी नाशिक, जुन्नर, कार्ले हा मुलूख आणि कोकणातील बंदरे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या ताब्यात गेली होती. परिणामी सागरी व्यापारावरील सातवाहनांची पकड सुटली होती.

गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडून काढली. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील शिलालेखानुसार, राज्यकाळाच्या १८व्या वर्षी त्याने विजयी सेनेच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा पाठविली. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे पूर्वी असलेले २०० निवर्तने शेत त्याने लेण्यांतील भिक्षूंना दिले. भिक्षूंना दान देण्याची प्रथा चालू राहिली. दाता मात्र बदलला.

नाण्यांच्या बाबतीतही त्याने हेच धोरण अवलंबिले. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक लिपीतील अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख असत. सातवाहनांची तोवरची नाणी मुख्यतः शिसे, तांबे व मिश्रधातू यांची असून त्यांवर प्राणी व चिन्हे आढळतात. गौतमीपुत्राने शत्रूची नाणी वितळविली नाहीत. त्याच नाण्यांवर एकीकडे कमानींचा डोंगर, म्हणजे चैत्य, आणि दुसरीकडे उज्जैन चिन्ह ठोकून त्याने ती पुन्हा चलनात आणली. चांदी तीच राहिल्याने बाजारातील व्यवहार खंडित होण्याचे कारण उरले नाही. राजा बदलल्याची वार्ता मात्र प्रत्येक नाण्याबरोबर हातोहाती पोहोचली.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातील १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे होते. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजूनही पुसटसा दिसतो.

नव्या ठशातील ब्राह्मी लेख प्राकृत भाषेत आहे आणि त्यात राजाची ओळख आईच्या नावाने दिली आहे. हीच माता, गौतमी बलश्री, हिने पुत्राच्या निधनानंतर, नातू पुळुमावी याच्या राज्यकाळाच्या १९व्या वर्षी नाशिकच्या लेण्यात त्याची प्रशस्ती कोरविली. शक, यवन व पह्लवांचा संहारक आणि सातवाहन कुळाच्या यशाचा पुनःस्थापक असा त्याचा गौरव तीत आहे.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. पुळुमावीने पुढे चांदीची नाणी पाडली तेव्हा त्यांच्या एका बाजूस स्वतःचा मुखवटा घेतला आणि दुसऱ्या बाजूस चैत्य व उज्जैन चिन्ह ठेवले. पित्याने ज्या मुखवट्यावर ठसा ठोकला, तीच पद्धत पुत्राने स्वीकारली. क्षत्रपांचा पराभव झाला, तरी त्यांच्या नाण्यांचे वळण सातवाहनांच्या राजचिन्हांशेजारी टिकून राहिले.