दोन्ही पाय गेले, तरी उभा राहिला

पाय कापला की गडी कायमचा खाटेला लागला, असं आपल्याकडं धरूनच चालतात. इंग्लंडचा वैमानिक डग्लस बेडर याचं आयुष्य वेगळंच सांगतं.

बेडरचा जन्म १९१० चा. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याचं विमान कोसळलं. दोन्ही पाय कापावे लागले. एक गुडघ्याच्या वर, दुसरा खाली. वय अवघं २१. पुढं रोहॅम्प्टन इथं धातूचे पाय मिळाले. पण पाय बसवले म्हणजे चालता येतं असं नाही. तो पडायचा, उठायचा, पुन्हा पाऊल टाकायचा. काठी घ्यायची नाही, हा त्याचा हट्ट. सरावानं तो चालला, मोटार हाकली, १९३९ मध्ये हवाई दलात परतला आणि महायुद्धात लढला. अपंगांसाठी केलेल्या कामाबद्दल १९७६ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. १९८२ मध्ये तो वारला.

बेडरइतका हट्ट सगळ्यांना जमेल असं नाही. व्यायाम मात्र जमतो. डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपी लवकर सुरू करावी. उरलेल्या पायाखाली उशी घेऊन पडून राहिलं, तर सांधा वाकलेलाच आखडतो. मग नवा पाय कितीही चांगला आणा, चालणं अवघड होतं.